लांब मानेच्या जनावराचं नाक

सन दोन हजार सहा. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या कामात चूक काढायची पेणमध्ये कोणाची छाती नव्हती.

या अंकाच्या संपादकांनी आता निरोप पाठवला, गणपतीवर लिहा. पेणच्या माणसाने गणपतीवर लिहायचं म्हणजे मिठागरवाल्याने मिठावर लिहिण्यासारखं आहे, चव सगळ्यांना ठाऊकच असते. म्हणून मी एका जनावरावर लिहितो. ते जनावर कोणी जिवंत बघितलेलं नाही, तरी त्याचं तोंड मी दोनदा केलं. दोनदा का करावं लागलं ते सांगतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन सून तपासते. तिने ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि शब्दांना हात लावायचा नाही, असं आमचं ठरलेलं आहे.

आधी आमचं काम समजून घ्या, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. शाडू माती भिजवायची, मळायची, साच्यात दाबायची. साच्यातून मूर्ती निघते ती सगळी सारखीच असते, दुकानातल्या बश्यांसारखी. मग कोरणी घेऊन बसायचं. कोरणी म्हणजे माती काढायची बारीक पट्टी. तिने नाकाची धार, पापणीची कड, सोंडेच्या वळ्या काढायच्या, तेव्हा कुठे त्या मातीत गणपती दिसायला लागतो. मूर्ती वाळली की पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो. माझ्या कारखान्यात आखणी मी एकटा करायचो. बाकी कोणी ब्रश धरला तरी मी ओरडायचो.

वडिलांचे दोन नेम होते, ते मी तसेच चालवले. बिनडोळ्यांची मूर्ती गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, कारण ते बिचकतं. आणि एकदा डोळे आखले की त्या तोंडाला कोरणी लावायची नाही. का, असं कोणी विचारलं तर मी म्हणायचो, बघत असलेल्याच्या तोंडावर हत्यार चालवाल का?

रोह्याचे एक कापडवाले होते. गौरीचा मुखवटा न्यायला आले आणि बराच वेळ हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "नाना, हिचं नाक घरच्यांना जरा अपरं वाटेल. एवढं टोक ओढता येईल?"

"आता नाय. ती बघते हाय."

"कोण?"

"गौर."

कापडवाल्यांनी मुखवट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने घेऊन गेले. पुढच्या वर्षी आले ते सांगतच आले, तेच नाक द्या, घरात सवय झाली आता. असं एकदा घडलं की माणूस चढतो. मी चढलोच होतो.

दोन हजार सहाच्या पौषात, माघी गणपतींचं काम हातात असताना, निडीची वैजयंती आमच्याकडे आली. निडी म्हणजे नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं गाव. तिथल्या भातशेती करणाऱ्या घरातली ही मुलगी. बाहेर राहून दगड झालेल्या हाडांचं शिक्षण घेतलेली. नावाआधी डॉक्टर लावते, पण औषध देत नाही. मी तिला बाय म्हणायचो. एसटीतून मांडीवर धरून आणलेला खोका तिने माझ्या पाटावर ठेवला आणि उघडला. आत कवटी.

माझी बायको इंदू दारातच थांबली. "अगो बाय, हे कोणाचं डोकं घेऊन आलीस?"

"डायनासोरचं, काकी. लांब मानेच्या. खरी हाडं नाय ती, साच्यातून काढलेली नक्कल हाय."

साचा म्हटल्यावर मी पुढे सरकलो.

रोह्याला कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात, एका शाळेत विज्ञानाचं दालन उभं राहत होतं. त्यात या जनावराची मान भिंतीतून पुढे आलेली दाखवायची होती. मान सुताराने तयार केली होती, तोंड बाकी होतं. शाळेचे चिटणीस मुंबईहून फायबरचं तयार तोंड मागवणार होते, जबडा फाकलेलं आणि दात विचकणारं. वैजयंतीने ते थांबवलं होतं.

"ते बिचारं पाला खायचं, नाना," ती म्हणाली. "त्याला वाघाचं तोंड लावलेलं मला माझ्या गावाजवळ बघायचं नाय. मी बोलले, पेणला एवढे मूर्तिकार असताना मुंबईला कशाला जाता? चिटणीस बोलले, ठीक आहे, पण तुमच्या जबाबदारीवर. आता माझा शब्द तुमच्या हातात हाय."

मी म्हटलं, "मग शब्दाची काळजी सोड."

कवटी घोड्याच्या डोक्याएवढी होती. एवढ्या डोंगरासारख्या जनावराला एवढंसं डोकं बघून मला हसू आलं. "लांब काठीच्या टोकाला हंडा बांधाल का लोटा?" तिने विचारलं. मी म्हटलं, लोटा. "त्यानेही लोटाच बांधला."

कवटीचे दोन रंग होते. मागची थोडी बाजू तपकिरी, बाकी सगळी पांढरी. तपकिरी भाग आपल्या देशात सापडलेला आणि पांढरा भरून काढलेला, असं तिने सांगितलं. या जनावरांची डोकी फार क्वचित मिळतात. हाडं पातळ असतात, जनावर मेलं की मानेपासून डोकंच आधी सुटतं आणि पाण्याबरोबर जातं.

"म्हणजे मानगूट खरं आणि तोंड अंदाजाने?" मी विचारलं.

"अंदाजाने नाय, भावकीवरून. याच्या जवळच्या जातींची डोकी दुसऱ्या देशांत मिळालीत. त्यांच्यावरून हे भरलं."

हाडाचं मला पटलं. पण हाडावरचं मांस कसं कळतं? मांस तर कुजून गेलेलं. तिने सांगितलं की त्याच्यासाठी आज जिवंत असलेली भावकी बघतात. एका बाजूला मगर आणि दुसऱ्या बाजूला पक्षी, म्हणजे आपली कोंबडीसुद्धा. दोघांच्यात जे सारखं असेल ते या जनावरातही असणार असं धरून चालायचं, आणि मग हाडावर त्याची खूण शोधायची. स्नायू जिथे धरलेला असतो तिथे हाड खडबडीत होतं. शीर किंवा नस जिथून बाहेर येते तिथे भोक राहतं. तिने माझं बोट धरून जबड्याच्या कडेवर फिरवलं. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकांची रांग लागली. तिथून हिरड्यांना आणि ओठांच्या कडेला रक्त जायचं. जबड्याच्या मागे बोट नेलं तर खरखरीत लागलं. तिथे चावायचा स्नायू.

खरं सांगायचं तर मी अर्ध्या कानाने ऐकत होतो. मला वाटत होतं, एकदा माती हातात आली की बाकीचं आपोआप कळेल. निघताना ती म्हणाली, "नाना, तोंड कच्चं असतानाच मला बोलवा." मी मान हलवली. कच्चं दाखवायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि रीत मोडायचा माझा विचारही नव्हता.

काम मजेत झालं. साचा नाही, चौरंग नाही, कोणाची आरती नाही. मधे लाकूड घालून त्यावर माती चढवत गेलो. डोळ्यांच्या खाचांच्या वर, जवळजवळ कपाळावर, कवटीला एक मोठं भोक होतं. शेजारचा रंगारी यशवंता रोज डोकावून जायचा. म्हणायचा, "नाना, कपाळात भोक हाय तर सोंड लाव. पेणचा माल तरी वाटेल." मी सोंड लावली नाही, पण भोक कपाळावर आहे म्हणून नाकपुड्या कपाळावर काढल्या. पाला चघळणार म्हणून बैलासारखे भरलेले गाल दिले. आणि डोळे पुढे आणले, कारण समोर उभं राहणाऱ्याशी नजर भिडली नाही तर ते तोंड कसलं? रंग मात्र तिने माझ्यावर सोडला होता. खरा रंग कोणालाच माहीत नाही म्हणाली. मी खाडीच्या चिखलातून वर आलेल्या म्हशीचा रंग दिला. मग एका बैठकीत आखणी केली आणि तिला निरोप धाडला.

ती सोमवारी आली. मी फडकं काढलं. ती एकदा डावीकडून बघून आली, एकदा उजवीकडून, मग समोर उभी राहिली.

"डोळे फार सुंदर झालेत, नाना."

गिऱ्हाईक पहिल्यांदा डोळ्यांचं कौतुक करतं तेव्हा दुसरीकडे काहीतरी बिघडलेलं असतं. एवढी वर्षं धंदा केल्यावर तेवढं कळतं.

"बोल, काय राहिलं?"

"नाक चुकलंय. गाल नको होते. आणि डोळे बाजूला पायजेत, पुढे नाय."

"नाक चुकलं? भोक तिथंच हाय की, तूच आणलेल्या कवटीला."

तिने इंदूला हाक मारली. "काकी, एक कोंबडी धरून आणा गो."

इंदूने परसातली तांबडी कोंबडी काखेत मारून आणली. वैजयंतीने तिची चोच माझ्यासमोर धरली. "हिचं नाक कुठं हाय? चोचीवरच ना? मगरीचं पार टोकाला. गायीचं, कुत्र्याचं, सरड्याचं बघा, सगळ्यांचं पुढेच. हाडातलं भोक मोठं असतं, नाना. ते म्हणजे अख्खी खोली. नाकपुडी म्हणजे त्या खोलीचं दार. दार खोलीच्या मधोमध कोण बसवतं? ते पुढच्या बाजूलाच असणार."

"हे तू म्हणतेस."

"हाड म्हणतं." तिने कवटी उचलली. मोठ्या भोकाच्या पुढे, तोंडाच्या दिशेने, हाडात एक उतरता खळगा होता आणि त्यात शिरांच्या खुणा. मांसल नाक तिथे होतं म्हणून रक्त तिथे जात होतं. तिने हेही सांगितलं की तिच्या विद्येतल्या मोठमोठ्या लोकांनीही फार वर्षं नाकपुड्या कपाळावरच काढल्या होत्या. काहींना तर सोंडसुद्धा सुचली होती. पण सोंड हलवायला तोंडाची नस जाड लागते, आणि कवटीत त्या नसेचं भोक अगदी बारीक आहे.

यशवंता दारातच होता. त्याचा चेहरा खुलला. "म्हंजे सोंड मलाच नाय सुचली."

गालांचंही तसंच. मगरीला आणि कोंबडीला गाईसारखे गाल नसतात. दात पेन्सिलीसारखे, टोकं झिजलेली. फांदीवरचा पाला ओरबाडायचा आणि गिळायचा, चघळायचं काम पोटाचं. डोळे बाजूला, म्हणजे शत्रू कुठूनही आला तरी दिसावा.

मला सगळं पटलं. तिथे उभ्याउभ्या पटलं. आणि मी म्हटलं, "बरोबर हाय तुझं. पण मी याला कोरणी लावणार नाय."

"का?"

"डोळे आखलेत."

"नाना, हा देव नाय."

"मला ठाऊक हाय. पण डोळे माझे हायेत."

ती आधी हसली, मग मी हसत नाही हे बघून थांबली. "गुरुवारी चिटणीस बघायला येणार. रविवारी उद्घाटन. हे असं दाखवलं तर मी स्वतःच चूक म्हणून सांगेन, आणि नाय दाखवलं तर ते मुंबईला फोन करतील. दोन्हीकडून ते वाघाचं तोंडच लागणार तिथं. मी कोणाच्या भरवशावर शब्द दिला होता?"

तिने कवटी खोक्यात घातली नाही, पाटावरच ठेवली, आणि फक्त इंदूला "येते काकी" म्हणून निघून गेली.

दुपारी जेवणं झाल्यावर इंदू भांडी आवरत म्हणाली, "अवो, एक विचारू?"

"विचार."

"ती बोलली होती कच्चं असताना बोलवा. का नाय बोलावलंत?"

"रीत नाय आपली."

"रीत कसली. डोळे काढले की कोण काय बोलत नाय, म्हणून घाई तुमची. मामंजी निदान मला तरी विचारायचे, बघ गो, सोंड सरळ हाय का."

मी चिडून ओटीवर जाऊन बसलो. वडील तिला विचारायचे हे मला माहीतच नव्हतं. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि अगदी सहज म्हणाली, "कोरणी नको ना लावायला? मग पाणी लावा."

कारखान्यात मूर्ती तडकली की आम्ही तेच करतो. फेकत नाही, हौदात सोडतो. माती पुन्हा माती होते. हे मला सुचायला पाहिजे होतं. पण ज्याला आपलं तोंड आवडलेलं असतं त्याला ते सुचत नाही.

यशवंताला हाक मारली. दोघांनी मिळून ते डोकं मागच्या हौदाशी नेलं. इंदूने वाटीत चिमूटभर साखर आणली आणि त्याच्या तोंडाला लावली.

यशवंता म्हणाला, "वहिनी, ह्याचा पण गणपती केलात काय?"

"देव म्हणून नाय रे. इतके दिवस घरात राहिला, तोंड गोड करून पाठवावं."

आम्ही ते पाण्यात उतरवलं. रंगाची साय वर आली, गाल आधी सुटले, मग नाक. डोळे शेवटी गेले. सुंदर होते, यात शंका नाही. ते मी आजही म्हणेन.

यशवंताच्या मोबाइलवरून निडीला फोन लावला. मी म्हटलं, "बाय, माती पुन्हा मळायला घेतोय. उद्या ये, आणि ये ती राहायलाच ये. नाक कुठं ते बोट ठेवून दाखव."

ती म्हणाली, "पहिल्या गाडीने येते."

ती आली, आणि आम्ही दोघे समोरासमोर बसलो. ती कवटीवर बोट ठेवायची, मी लाकडावर माती ठेवायचो. जबड्याचा स्नायू दोरीसारखा आधी घातला, त्यावर कातडी. तिला घाई नव्हती. एखादी गोष्ट माहीत नसेल तर सरळ म्हणायची, हे माहीत नाय. ओठ जाड होते का पातळ? माहीत नाय, पातळ धरूया. मानेवर काटे होते का? काही जातींना असावेत, याला सांगता येत नाय, नको लावूया. माझ्या धंद्यात मी कधी कोणाला माहीत नाही म्हणालो नव्हतो. ऐकायला बरं वाटलं. इंदूही येऊन बसली आणि एकदा बोललीसुद्धा, की खालचा ओठ रुसल्यासारखा दिसतोय. तो मी सरळ केला. शेगडी पेटवून माती शेकवली, कारण उन्हावर भागणार नव्हतं.

गुरुवारी चिटणीस आले. सफारी घातलेले, घाईत असलेले. मी फडकं काढलं. माझ्या जन्मात पहिल्यांदा बिनडोळ्यांचं तोंड मी परक्या माणसासमोर ठेवलं होतं, आणि माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

"हे आंधळं आहे?" ते म्हणाले.

"डोळे शनिवारी. आता काय बोलायचं ते बोलून घ्या."

"दात दिसत नाहीत फारसे."

"तोंड मिटलंय, म्हणून नुसती टोकं दिसतात," वैजयंती म्हणाली. "तो पाला खाणारा होता, सर."

चिटणीसांनी वाकून बघितलं, हात लावून बघितलं. "फारच गरीब दिसतो. मुलं घाबरणार नाहीत याला."

"नाय घाबरली तर जवळ येतील."

यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं. राहू द्या हेच." मग दारातून वळून मला म्हणाले, "नाकपुड्या मात्र छान जमल्या आहेत." वैजयंतीने माझ्याकडे बघितलं. मी शेगडीतले निखारे सारखे करत बसलो.

शनिवारी आखणी केली. गणपतीचे डोळे आखताना समोर बसून दोन्ही जुळवता येतात. इथे एक डोळा या बाजूला आणि एक त्या बाजूला. एक आखायचा, उठायचं, फेरी मारून पलीकडे जायचं, पहिला डोळ्यांसमोर ठेवून दुसरा आखायचा.

यशवंता म्हणाला, "दोन्ही एकदम कोणाला दिसणारच नायत. जुळले काय आणि नाय काय."

"मला कळेल," मी म्हटलं. ते जुळलेले आहेत. अष्टमीला जाऊन बघा, फेरी मारावी लागेल.

उद्घाटनाला खूप माणसं आली होती. भाषणं झाली. मी मागे उभा होतो. मिठागरात काम केलेली एक म्हातारी जनावराच्या अगदी जवळ गेली, त्याच्या नाकाखाली उभी राहिली आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "म्हशीवानी हाय गो, गरीब." त्या दिवशीचं एवढंच बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

कोणीतरी वैजयंतीला विचारलं, हा खरोखर असाच दिसायचा का? ती म्हणाली, "आज आम्हाला असा वाटतो. उद्या दुसरी कवटी सापडली आणि काही वेगळं निघालं तर बदलू."

मी बाजूलाच होतो. "बदलू म्हंजे? परत करायचं?"

"परत करायचं, नाना."

मी तिला म्हटलं, निदान मी खाली बसेपर्यंत तरी थांब. ती इतकी हसली की चिटणीसांनी वळून बघितलं. एसटीत येताना इंदू झोपून गेली आणि मी तिच्या डोक्याखाली हात देऊन बसलो होतो. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला चांगल्या खपाच्या वर्षीही वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासू गावचे एक गुरुजी त्यांचा माघी गणपती कुठवर आला ते विचारायला आले. दर वर्षी यायचे, आणि मी त्यांना ओटीवर चहा पाजून परत पाठवायचो. त्या सकाळी मी त्यांना आत नेलं आणि मूर्तीवरचं ओलं फडकं काढलं. डोळे अजून नव्हते.

"बघा गुरुजी," मी म्हटलं. "बोलायचं असेल ते आत्ता बोला."

गुरुजींनी आधी माझ्याकडे बघितलं, माझी तब्येत बरी आहे ना, अशा नजरेने. मग खाली बसून पुष्कळ वेळ मूर्ती बघितली. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाना, कान जरा आखूड वाटतात."

आखूड नव्हते. पण मी कोरणी उचलली.